हृदयविद्युतालेखावरील लयदोषांची ओळख : उंच तरंग, लहान तरंग आणि टक्केवारी

बीजसंज्ञा : हृदयविद्युतालेख, लयदोष, पी तरंग, अलिंद-कंपन, संगणकीय वर्गीकरण, विदर्भ

प्रस्तावना

हृदय हा स्वतःची वीज स्वतः निर्माण करणारा स्नायू आहे. या विजेचा त्वचेपर्यंत पोहोचणारा अंश अत्यंत क्षीण, साधारणतः एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. १८८७ मध्ये लंडन येथे ऑगस्टस वॉलर यांनी तो मानवी शरीराच्या पृष्ठभागावरून प्रथम नोंदवला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधील लायडेन येथे विलेम आइंटहोवेन यांनी तंतु-गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने त्याचा स्वच्छ आलेख मिळवला. आलेखातील तरंगांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांनीच रूढ केली. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज हा हृदयविद्युतालेख, म्हणजेच बोलीभाषेतील ईसीजी किंवा 'कार्डिओग्राम', तालुक्याच्या रुग्णालयातही काढला जातो.

वैद्यकशास्त्राबाहेरील अध्यापकांचाही या विषयाशी आता संबंध येतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र आणि संख्याशास्त्र या विषयांचे विद्यार्थी प्रकल्पासाठी ईसीजी वारंवार निवडतात. आधारसामग्री विनामूल्य मिळते, आज्ञावली तयार असतात आणि शेवटी '९९ टक्के अचूकता' असा आकर्षक आकडा हाती येतो. तो आकडा तपासण्याची जबाबदारी मार्गदर्शक व परीक्षक म्हणून आपल्यावर असते. लयदोष ओळखणे म्हणजे नेमके काय ओळखणे, आणि त्यातील कोणता भाग यंत्राला सोपा व कोणता अवघड जातो, हे प्रस्तुत लेखात विदर्भातील व महाराष्ट्रातील परिचित उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कागदाची भाषा

ईसीजीचा कागद सामान्यतः सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरील एक मिलिमीटरचा लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद होय. उभ्या दिशेने १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. दोन ठोक्यांमधील मोठे चौकोन मोजून त्या संख्येने ३०० ला भागले की मिनिटाला किती ठोके पडतात ते कळते. चार चौकोन असल्यास ७५. लय अनियमित असेल तर ही युक्ती फसते. अशा वेळी ३० मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, यांतील ठोके मोजून दहाने गुणावे. आलेखाच्या कडेला छापलेला वेग आधी वाचून घेणे श्रेयस्कर. यंत्र चुकून ५० मिलिमीटर वेगावर राहिले असेल तर ७५ ठोक्यांचे निरोगी हृदय कागदावर ३७ ठोक्यांचे दिसते आणि प्रत्येक तरंग विनाकारण रुंद वाटतो.

विजेचा प्रवास उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील सायनस नोडपासून सुरू होतो. दोन्ही अलिंदे उत्तेजित होतात तेव्हा पी हा लहान, गोलसर तरंग उमटतो. त्यानंतर वीज अलिंद व निलय यांच्या सीमेवरील ए-व्ही नोडमध्ये क्षणभर रेंगाळते. या विलंबामुळेच अलिंदांतील रक्त निलयांत उतरण्यास अवधी मिळतो. पुढे जलद वाहक तंतूंच्या जाळ्यातून ती निलयांत पसरते आणि क्यूआरएस हा उंच, टोकदार तरंगसमूह दिसतो; निलये पूर्वस्थितीला येताना टी तरंग उमटतो. पी च्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचा काळ ०.१२ ते ०.२० सेकंद असावा आणि क्यूआरएसची रुंदी ०.१२ सेकंदांपेक्षा कमी असावी, ही प्रौढांसाठीची सर्वमान्य मर्यादा आहे.

क्यूआरएस उंच असतो, कारण निलयांची भिंत जाड असते. अलिंदांची भिंत पातळ असल्याने पी तरंगाची उंची अडीच मिलिमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. डोळा आपोआप उंच तरंगाकडे वळतो. परंतु लय कोठून सुरू झाली आणि ती योग्य वाटेने खाली उतरली की नाही, याची साक्ष प्रामुख्याने त्या लहान तरंगात असते. हृदयरोगाचे अध्यापक विद्यार्थ्याला वारंवार 'पी कुठे आहे?' असे विचारतात ते यामुळेच.

पी तरंगाचा शोध

प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक पी आहे काय, प्रत्येक पी च्या मागोमाग क्यूआरएस येतो काय, आणि दोहोंमधील अंतर स्थिर आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक लयदोषांचे स्थान कळते. द्वितीय लीडमध्ये पी वरच्या दिशेने आणि एव्हीआर लीडमध्ये खालच्या दिशेने असेल, तर लय सायनस नोडमधूनच निघाली असे मानण्यास आधार मिळतो.

मिनिटाला १०० च्या वर किंवा ६० च्या खाली ठोके असणे म्हणजे आजार असे नव्हे. नियमित धावणाऱ्या युवकाची गती विश्रांतीच्या वेळी पन्नासही असू शकते. तसेच तरुणांमध्ये श्वास घेताना ठोके जवळ येतात व सोडताना दूर जातात. पी तरंग जागेवर असतात, फक्त अंतरे लांब-आखूड होतात. ही अनियमितता निरोगी आहे. लयीतील प्रत्येक चढउताराला दोष मानणारी आज्ञावली येथे पहिली ठेच खाते.

ए-व्ही नोडच्या मार्गातील अडथळ्याचे प्रकार पी आणि क्यूआरएसच्या नात्यावरूनच ठरतात. पहिल्या श्रेणीत प्रत्येक पी ला उत्तर मिळते, पण उशिरा. दुसऱ्या श्रेणीच्या एका प्रकारात हा उशीर प्रत्येक ठोक्यागणिक वाढत जातो आणि शेवटी एक ठोका गळतो. नंतर पुन्हा तेच चक्र. कारेल वेंकेबाख यांनी १८९९ मध्ये, ईसीजी उपलब्ध होण्यापूर्वीच, केवळ नाडीच्या आलेखांवरून हा क्रम ताडला होता. ज्याला यंत्राशिवाय निरीक्षण म्हणजे काय हे पाहायचे असेल त्याने हे उदाहरण अवश्य अभ्यासावे. दुसऱ्या प्रकारात पी-क्यूआरएस अंतर स्थिर असूनही अचानक ठोका गळतो. हा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्यातून पूर्ण अडथळा निर्माण होऊ शकतो. तिसऱ्या श्रेणीत पी आपल्या गतीने, क्यूआरएस आपल्या गतीने चालतात आणि दोहोंचा परस्परांशी संबंध उरत नाही. एकाच घरात राहून अबोला धरलेल्या दोन माणसांसारखी ही स्थिती असते. प्रत्येकाचा दिनक्रम नियमित, पण गाठ पडलीच तर योगायोगाने.

पी नाहीसा होतो तेव्हा

पी तरंग नाहीसा झाला, तळरेषा बारीक थरथरू लागली आणि क्यूआरएस कोणत्याही नियमाविना पडू लागले, तर ते अलिंद-कंपन होय. वैद्यकीय व्यवहारात यालाच 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत स्पंदने चालू असतात आणि ए-व्ही नोड त्यांपैकी मोजकीच खाली जाऊ देतो. वेंकेबाखच्या लयीत अनियमिततेलाही आकृतिबंध असतो. येथे तोही नसतो. अलिंदे आकुंचन पावत नसल्याने रक्त साचते, गुठळी बनते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. रुग्णाला कित्येकदा धडधडही जाणवलेली नसते.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील अलिंद-कंपनाचा प्रातिनिधिक रुग्ण वृद्ध आणि उच्च रक्तदाबाचा असतो. आपल्याकडे त्याच्या जोडीला दुसरा रुग्ण उभा असतो. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर ऱ्हुमॅटिक ताप आला, सांधे दुखले, ताप गेला आणि सारे विसरले; परंतु डाव्या अलिंद व निलयामधील मायट्रल झडप हळूहळू अरुंद होत गेली. पुष्कळदा हा रुग्ण तिशीतील स्त्री असते आणि आजार प्रथम उघड होतो तो गरोदरपणात दम लागू लागल्यावर. अरुंद झडपेमागे रक्त तुंबून डावे अलिंद फुगते. या टप्प्यावर पी तरंग अजून शाबूत असतो, पण तो ०.१२ सेकंद वा त्याहून रुंद होतो आणि त्याच्या माथ्यावर खाच पडते. अलिंद आणखी ताणले गेले की एके दिवशी पी नाहीसा होतो. नाहीसा होण्यापूर्वी त्याने सूचना दिलेली असते. वाचणाऱ्याने फक्त उंच तरंगांमधील अंतरे मोजली, तर ती सूचना कागदावरच राहते.

हा भेद केवळ शैक्षणिक नाही. ऱ्हुमॅटिक हृदयरोगासह अलिंद-कंपन असलेल्या रुग्णांवरील 'इन्व्हिक्टस' या बहुराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रिव्हरॉक्सॅबॅन या नव्या औषधापेक्षा वॉर्फरिनसारखी जुनी औषधे सरस ठरली. इतर अलिंद-कंपनात नवी औषधे प्रामुख्याने वापरली जात असताना या रुग्णांत उत्तर उलट आले. आलेखावरील लय एकच असली तरी तिच्यामागचे हृदय वेगळे असते.

फसवी नियमितता : डिजॉक्सिन आणि बिट्टी

अशा रुग्णाला ठोक्यांची गती आटोक्यात ठेवण्यासाठी डिजॉक्सिन दिले जाते. डिजिटॅलिस वनस्पतीच्या ज्या औषधी गुणांचे वर्णन विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये केले, त्या कुळातील हे द्रव्य. त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे असते. आता अशी कल्पना करावी की, अलिंद-कंपन असलेल्या, डिजॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाच्या ताज्या आलेखात ठोके एकाएकी समान अंतरावर पडू लागले आहेत. गतीही मंद आहे. नवख्याला वाटेल, लय सुधारली. अनुभवी चिकित्सकाला मात्र धोका दिसतो. पी परतलेला नसताना क्यूआरएस नियमित झाले, याचा अर्थ वरून येणारे संदेश पूर्णपणे अडले असून निलये किंवा ए-व्ही नोडजवळचा भाग स्वतःच्या बळावर चालत आहे. डिजॉक्सिनची विषबाधा प्रथम विचारात घेण्याचे हे चिन्ह होय. ठोक्यांमधील अंतरांच्या अनियमिततेवरच अलिंद-कंपन ओळखणारी संगणकीय पद्धती नेमक्या याच क्षणी 'अलिंद-कंपन नाही' असा निर्वाळा देईल.

याच वर्गातील विष आपल्या अंगणातही असते. पिवळी कण्हेर, जिला आपल्याकडे बिट्टी म्हणतात, कुंपणाला व देवळाच्या आवारात शोभेसाठी लावली जाते. तिच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, हृदयावर क्रिया करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. डिजॉक्सिनप्रमाणेच ती पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप रोखतात. आलेखावर प्रथम सायनस लय मंदावते, मग पी-क्यूआरएस अंतर वाढते, ठोके गळू लागतात आणि पूर्ण अडथळाही येऊ शकतो. त्याच वेळी निलयांतून अवेळी ठोके उसळतात. रुग्ण बोलत-चालत असताना हे घडू शकते. म्हणून अशा रुग्णाचा एकच आलेख काढून घरी पाठवणे सुरक्षित नसते. त्याला आलेखदर्शक यंत्राखाली निरीक्षणात ठेवावे लागते. श्रीलंकेत हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न बनला. डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे या लयदोषांवर गुणकारी ठरतात, हे तेथील चाचणीने २००० मध्ये दाखवले. मात्र हे औषध महाग आहे, आणि लहान रुग्णालयाला अॅट्रोपिन व तात्पुरता पेसमेकर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

रुंद तरंग

निलयांतून अवेळी उद्भवलेला ठोका वाहक तंतूंचा राजमार्ग सोडून स्नायूंतून वाट काढतो; म्हणून त्याचा क्यूआरएस रुंद व बेढब असतो आणि त्याआधी पी नसतो. असे तुरळक ठोके निरोगी व्यक्तींतही आढळतात. तीन वा अधिक सलग आणि मिनिटाला १०० च्या वर आले, तर ती निलयजन्य द्रुतगती. रुंद तरंगांची नियमित द्रुतगती दिसल्यास उलट सिद्ध होईपर्यंत ती निलयजन्यच समजावी, असा दंडक आहे. तो सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता? धावत्या रुंद तरंगांच्या अधूनमधून, त्यांच्याशी संबंध न ठेवता आपल्या गतीने चालणारे लहान पी. पुन्हा तोच लहान तरंग. निलय-कंपनात मात्र तरंगांचा आकारच उरत नाही. तेथे वाचनाला वेळ नसतो. नाडी नसेल तर तत्काळ छातीदाब आणि विद्युत्‌धक्का हाच उपाय. नाडी चालू असलेला, बोलणारा रुग्ण आणि आलेखावर मात्र निलय-कंपन, असे दिसल्यास सुटलेली तार किंवा थंडीताप-कंपवाताची थरथर शोधावी.

आलेखाबाहेरचा पुरावा

लय बिनचूक ओळखूनही निदान हुकू शकते. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून (स्थापना १९४७) पदवी घेतली आणि रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशावर संशोधन केले. या विषामुळे शरीरात अॅड्रिनॅलिनवर्गीय द्रव्यांचा पूर येतो. रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. आलेखावर पुष्कळदा दिसते ती केवळ सायनस द्रुतगती, म्हणजे व्याख्येनुसार योग्य जागेतून निघालेली, फक्त वेगवान लय. कधी निलयांतील अवेळी ठोके व वहनातील दोष, कधी टी तरंगातील बदल. डॉ. बावस्कर यांनी उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय अशी पूर्वसूचक लक्षणे रुग्णाशेजारी बसून टिपली. 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर त्यांनी रूढ केला. त्यांच्या अहवालांनुसार मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आलेखाच्या डोक्यावर यंत्राने छापलेले 'सायनस टॅकीकार्डिया' हे दोन शब्द त्या थंड हातांविषयी काहीच सांगत नाहीत.

यंत्र काय पाहते

संगणकाला हृदयाचे ठोके शोधण्यास शिकवणारी सर्वाधिक परिचित पद्धत जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडली. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती बहुधा जशीच्या तशी उतरवलेली असते. संकेतातून सुमारे ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा वेगळा काढायचा, त्याचा बदलदर घ्यायचा, वर्ग करायचा आणि लहान काळखंडावर सरासरी काढायची, असा तिचा क्रम आहे. उतार तीव्र असलेला क्यूआरएस यामुळे ठळक होतो आणि मंद तरंग दबतात. तिने प्रमाणित आधारसामग्रीतील ९९.३ टक्के क्यूआरएस बिनचूक शोधले. ही कामगिरी मोठी आहे. पण तिची किंमतही लक्षात घ्यावी : वर्ग करण्याच्या क्रियेत मोठे आणखी मोठे होते आणि लहान आणखी लहान. उंच तरंग सापडण्यासाठी जी चाळणी लावली, तिनेच पी तरंग पुसला जातो. ठोका शोधण्यासाठी ही पद्धत उत्कृष्ट आहे. पण तिच्या अंतिम संकेतावरून लयीचा प्रकार ठरवू पाहणारा विद्यार्थी साक्षीदाराला बाहेर काढून खटला चालवत असतो.

ज्या आधारसामग्रीवर हे सारे तपासले जाते, तिचे नाव एमआयटी-बीआयएच लयदोष संग्रह. बोस्टन येथील बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात घेतलेल्या नोंदींतून तो तयार झाला आणि १९८० पासून वितरित होऊ लागला. त्यात ४७ व्यक्तींचे प्रत्येकी अर्ध्या तासाचे ४८ आलेख, सेकंदाला ३६० नमुने या दराने साठवलेले असून सुमारे १,१०,००० ठोक्यांवर हृदयतज्ज्ञांनी खुणा केल्या आहेत. व्यक्ती ४७ आणि आलेख ४८, कारण क्रमांक २०१ व २०२ हे एकाच व्यक्तीचे आहेत. जगभरातील हजारो शोधनिबंध या सत्तेचाळीस हृदयांवर उभे आहेत.

नव्व्याण्णव टक्क्यांचा हिशेब

या संग्रहातील ठोके पाच प्रमाणित वर्गांत विभागले, तर सुमारे ९० टक्के ठोके 'सामान्य' वर्गात पडतात. म्हणजे काहीही न पाहता प्रत्येक ठोक्याला सामान्य म्हणणाऱ्या आज्ञावलीची अचूकताही ९० टक्के भरते. लयदोष शोधण्याच्या कामी तिचा उपयोग शून्य. तेव्हा प्रबंधात केवळ एकूण अचूकता दिली असेल, तर वर्गनिहाय आकडे मागणे हा परीक्षकाचा पहिला हक्क समजावा.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. सर्व ठोके एकत्र मिसळून त्यांतील काही शिकवण्यासाठी व काही परीक्षेसाठी वापरले, तर एकाच रुग्णाचे शेजारचे ठोके दोन्हीकडे जातात. आज्ञावली तेव्हा आजार ओळखत नाही, माणूस ओळखते. उत्तरपत्रिकेतीलच प्रश्न सरावाला देऊन विद्यार्थ्याची गुणवत्ता जाहीर करण्यासारखे हे आहे. फिलिप दि शॅझल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पेसमेकर असलेल्या रुग्णांचे चार आलेख वगळून उरलेल्या ४४ आलेखांचे बावीस-बावीसचे दोन गट केले. एका गटावर शिकवायचे, दुसऱ्यावर तपासायचे. निकाल बोलका होता. निलयांतील अवेळी ठोक्यांपैकी ७७.७ टक्के ओळखले गेले. अलिंद व त्याच्या परिसरातून निघालेल्या अवेळी ठोक्यांपैकी ७५.९ टक्के सापडले. परंतु आज्ञावलीने ज्यांना असे ठोके म्हटले, त्यांतील केवळ ३८.५ टक्के खरोखर तसे होते. कारण उघड आहे. निलयांतील ठोका रुंद, म्हणून ओळखू येतो. अलिंदातील अवेळी ठोक्याचा क्यूआरएस सामान्यच दिसतो. तो वेगळा ठरतो वेळेवरून आणि आधीच्या, कित्येकदा मागच्या टी तरंगात दडलेल्या, पी वरून. जाता जाता एक बाब नमूद करावीशी वाटते : या काळजीपूर्वक केलेल्या विभागणीतही क्रमांक २०१ एका गटात आणि २०२ दुसऱ्या गटात गेला आहे. अलीकडच्या बहुस्तरीय न्यूरल जालांनी हे आकडे सुधारले, ही गोष्ट खरी. तथापि विभागणी रुग्णनिहाय केली होती काय, हा प्रश्न त्यांनाही तसाच लागू पडतो.

तिसरा हिशेब आपल्या महाविद्यालयांतील आरोग्य तपासणी शिबिरासंबंधी. समजा, हजार विद्यार्थ्यांत एकाला अलिंद-कंपन आहे आणि उपकरण निरोगी व्यक्तीला ९५ टक्के वेळा निरोगी ठरवते. तरीही उरलेल्या ९९९ पैकी सुमारे ५० जणांना ते आजारी ठरवेल. त्यांत श्वासाबरोबर लय बदलणारी निरोगी मुलेच अधिक असण्याचा संभव आहे. एका खऱ्या रुग्णामागे पन्नास घाबरलेली कुटुंबे, हा परिणाम ९५ टक्के या आकड्यातून दिसत नाही.

पन्नास हर्ट्झ आणि येथील नोंदी

बोस्टनमधील वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे, आपला ५० हर्ट्झचा. परदेशी आज्ञावली जशीच्या तशी उतरवणारे प्रकल्प ६० हर्ट्झचा अडथळा गाळतात आणि नागपुरात घेतलेल्या आलेखातील ५० हर्ट्झची गुणगुण तशीच राहते. मे महिन्यात खोलीत कूलर चालू असतो, छाती घामाने भिजलेली असते, इलेक्ट्रोड सरकतो आणि तळरेषा लाटेसारखी वरखाली होते. पी तरंग सर्वप्रथम बुडतो तो या गोंधळात. ती लाट काढण्यासाठी लावलेली कडक चाळणी पुन्हा मंद तरंगांचाच आकार बिघडवते. त्वचा पुसून, इलेक्ट्रोड नीट लावून आणि कूलर दोन मिनिटे बंद करून मिळणारा आलेख कोणत्याही गणिती गाळणीपेक्षा सरस असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विदर्भातील ऱ्हुमॅटिक झडपा, बिट्टीची विषबाधा, विंचूदंश हे त्या ४७ आलेख-स्वामींच्या जगात जवळपास नव्हतेच. येथील रुग्णांच्या नोंदींचा संग्रह उभारायचा झाल्यास नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (स्थापना १९६९) यांसारख्या ठिकाणी तांत्रिक महाविद्यालयांना वैद्यकीय सहकाऱ्यांसोबत बसावे लागेल. नीतिमत्ता समितीची परवानगी, रुग्णाची ओळख पुसणे, बाराही लीडची नोंद, दोन तज्ज्ञांनी परस्परांना न विचारता केलेल्या खुणा आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याचा निर्णय, एवढी शिस्त किमान हवी. पी तरंगांवर स्वतंत्र खुणा कराव्यात. एमआयटी-बीआयएच संग्रहाच्या मूळ खुणा ठोक्यांवर आणि लयीवर आहेत, पी वर नाहीत, आणि पुढील संशोधनाची दिशा त्यामुळे बरीचशी ठरून गेली.

जुन्या रुग्णपत्रिकांतून असा संग्रह काढता येईल, अशी काहींची अपेक्षा असते. तेथे एक साधी अडचण आहे. बहुतेक यंत्रे उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर आलेख काढतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेल्या त्या पट्ट्या काही वर्षांत फिक्या पडतात. क्यूआरएसची टोके पुसट का होईना दिसत राहतात. तळरेषेवरचे बारीक तपशील आधी जातात. म्हणून आलेख काढल्याच्या दिवशीच त्याची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत काढून पत्रिकेस जोडावी. मूळ संकेत साठवण्याची सोय यंत्रात असल्यास ती चालू करून घ्यावी.